आमची वाटचाल: एका चित्राखाली दोन सह्या

आम्ही दोघी एकाच कॅनव्हासवर तैलरंगात माणसांची चित्रं करतो. रेखाटन आणि खालचा करडा थर माझा, वरची त्वचा तिची. हातांची बोटं मात्र ज्या दिवशी जिला साधतील तिची. "यातलं कुणी काय केलं?" हे लोक अजूनही विचारतात. एका गॅलरीवाल्यांनी तर स्पष्टच बजावलं होतं, कार्डावर एकच नाव ठेवा. आम्ही नाही म्हटलं. ते त्यांनी मनात ठेवलं.

पुढे काही वर्षांनी विकलेल्या चित्रांचे पापुद्रे सुटू लागले, आणि सुटले ते नेमके माझ्या आणि तिच्या थरांमधून. "दोघींचं फाटलंय, ते चित्रातही दिसतंय," असं ते गॅलरीवाले गिऱ्हाइकांना सांगत फिरले. हे मी विसरलेले नाही. खरं कारण होतं माझं झिंक व्हाइट, म्हणजे जस्तापासूनचा पांढरा रंग. थंड, अर्धपारदर्शक म्हणून मी ते खालच्या थरात भरपूर वापरायचे. तेलातल्या आम्लांशी मिळून झिंकचे साबण तयार होतात, थर ठिसूळ होतो आणि वरच्या रंगाला धरून ठेवत नाही. चूक माझ्या पांढऱ्याची होती, जोडीची नव्हती. सात चित्रं परत आली, पैसे परत केले, स्टुडिओचं भाडं थकलं. ती एकदाही मला बोलली नाही.

आमच्या पहिल्या गिऱ्हाईक बाईंनी मात्र चित्र परत केलं नाही. त्या एक पाकीट घेऊन आल्या. पाठमोऱ्या बसलेल्या बाईच्या खांद्यावरून गळलेल्या रंगाच्या टिकल्या त्यांनी चिमट्याने उचलून कागदाच्या पुड्यांत ठेवल्या होत्या, प्रत्येक पुडीवर पेन्सिलीने जागा लिहून: "डावा खांदा, मानेजवळ." माशाच्या सरसाने, बारीक सेबल ब्रशने आणि कोमट स्पॅच्युलाने त्या बसवायला आम्हाला अडीच महिने लागले. चित्र नेताना त्या म्हणाल्या, "आता माझ्या बहिणीचं करा. दोघींनीच करा."

नव्याने काम करणाऱ्यांनी एवढं कराच: ट्यूब उलटून मागचा रंगद्रव्याचा सांकेतिक क्रमांक वाचा. नाव टायटॅनियम असलं तरी पीडब्ल्यू ६ (टायटॅनियमचा क्रमांक) सोबत पीडब्ल्यू ४ दिसला, तर त्यात झिंक आहे. खालचे थर कमी तेलाचे, वरचे जास्त तेलाचे. खाली बर्न्ट अंबर हा तपकिरी घ्या, लवकर वाळतो. आयव्हरी ब्लॅक हा काळा वाळायला रेंगाळतो. आणि चेहरा जवळून काढलेल्या फोटोवरून करू नका, नाक फुगतं आणि कान मागे पळतात. माणूस समोर बसवा, दर वीस मिनिटांनी उठू द्या.

बहिणीचं चित्र लाकडी फळीवर केलं, फळी कॅनव्हाससारखी लवत नाही म्हणून. झिंकचा थेंबही नाही. गेल्या महिन्यात त्याच गॅलरीतून विचारणा आली. आम्ही कार्डाचा मजकूर पाठवला, दोन्ही नावं सारख्याच अक्षरांत. उत्तर अजून आलेलं नाही.