श्रावणाचा तिसरा दिवस

दारू सोडल्यामुळे माणूस दगावू शकतो, हे वस्तीत सांगून कुणाला पटत नाही. पटणार तरी कसं? पर्वती पायथ्याच्या त्या घरात गटारीच्या दुसऱ्याच दिवशी नवऱ्याने देवापुढे शपथ घेतली, तेव्हा गल्लीत पेढे वाटले गेले होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच्या बायकोचा फोन आला, "ताई, ह्यांना बाहेरचं काहीतरी झालंय."

माणूस रंगारी. हातात ब्रश नसताना भिंतीवर हात वर-खाली फिरवत होता. मधेच चादरीवरच्या मुंग्या झटकायचा. मुंगी एकही नव्हती. बनियन घामाने चिंब, नाडी 128, ताप 101, दोन रात्री झोप नाही. उशाशी उतरवून टाकलेलं लिंबू.

याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या गुंगीला पुरून उरण्यासाठी स्वतःला सतत चेतवत राहतो. दारू एकदम थांबली तरी ते चेतवणं थांबत नाही. शेवटच्या घोटानंतर 6 ते 12 तासांत हात थरथरतात, मळमळतं. पहिल्या 48 तासांत फिट येऊ शकते. आणि साधारण 48 ते 96 तासांच्या दरम्यान हा भ्रम. म्हणून तिसरा दिवस. उपचार मिळाले नाहीत तर यात जीव जातो.

किती प्यायचे, असं विचारलं की घरचे "थोडीच" म्हणतात. त्यापेक्षा क्वार्टर किती, ते विचारावं. 180 मिलीच्या क्वार्टरमध्ये, 42.8 टक्क्यांच्या हिशेबाने, सुमारे 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. हा रोज दोन घ्यायचा, त्यातली पहिली सकाळी उघडायचा, कारण त्याशिवाय ब्रश स्थिर धरता येत नसे. ही सकाळची थरथर सगळ्या घराला माहीत होती. तिचा अर्थ त्यांना कुणी सांगितलेला नव्हता.

दुपारी जवळच्या एका दवाखान्यात "अशक्तपणा आहे" म्हणून ग्लुकोजची बाटली चढवून घरी पाठवलं होतं. याचा मला अजून संताप येतो. अशा रुग्णात बी-1, म्हणजे थायमिन, आधीच तळाला गेलेलं असतं आणि ग्लुकोज पचवायला तेच लागतं. थायमिन न देता नुसतं ग्लुकोज दिलं की उरलंसुरलंही खर्ची पडतं. मग नजर फिरते, तोल जातो, आणि काहींची स्मृती कायमची जाते. थायमिनचं इंजेक्शन काही महाग नाही. सवयीने बाटली लावायची आणि प्यायचा इतिहास विचारायचा नाही, हे किती वर्षं चालणार?

108 येईपर्यंत खोलीतला दिवा लावून ठेवला, गर्दी बाहेर काढली, ओळखीचा एकच माणूस जवळ बसवला. दीर हातपाय बांधायला निघाला होता, त्याला थांबवलं. शेजाऱ्याने "एक पेग द्या, उतरेल" म्हणून बाटली आणली होती. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात काहीही ओतलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. साखर तपासली. फिट आलीच तर कुशीवर वळवायचं आणि तोंडात चमचा घालायचा नाही, हे बायकोला दाखवलं. ससूनमध्ये शिरेतून लोराझेपाम, म्हणजे चेतलेल्या मेंदूला शांत करणारं औषध, आणि थायमिन सुरू झालं. काही दिवसांनी त्याने मुलीला नावाने हाक मारली.

तिथल्या व्हरांड्यात बायकोने विचारलं, "ताई, सोडायला मीच लावली, मग चूक माझी का?" तिची चूक नव्हती, आणि तसं मी तिला सांगितलंही. पण पुढे काय सांगायचं, तिथे मी अडते. "एकदम सोडू नका" म्हटलं की अर्ध्या लोकांना "पीत राहा" असं ऐकू येतं. आता गटारीच्या आधीच्या आठवड्यात वस्तीतल्या आशा सेविकांबरोबर घरोघर तीन प्रश्न विचारतो: सकाळी हात थरथरतात का, पूर्वी सोडताना फिट आली होती का, रोज किती क्वार्टर. पहिल्या दोनपैकी एकालाही "हो" आलं किंवा क्वार्टरचा आकडा मोठा निघाला, तर शपथेच्या आधी ओपीडी. औषधांच्या आधाराने, डोस उतरवत, बहुतेकांची दारू आठवड्याभरात सुखरूप थांबवता येते. महिला मंडळातल्या काही बायका मात्र याला दारुड्यांचे लाड म्हणतात, आणि त्यांनी घरात जे सोसलंय ते पाहता त्यांच्यावर रागावता येत नाही. पुढच्या बैठकीला त्या रंगाऱ्याच्या बायकोलाच बोलायला सांगितलंय. ती अजून हो म्हणालेली नाही.