आधी बांगड्या काढा

आमच्या घरात शालींना तोटा नाही. बाबा निवृत्त मुख्याध्यापक. गणेशोत्सव असो की स्नेहसंमेलन, शाल-श्रीफळ ठरलेलं. नारळाच्या वड्या होतात, शाली कपाटात चढतात. मागच्या दिवाळीत मोजल्या तेव्हा एकतीस भरल्या. सगळ्या अ‍ॅक्रिलिकच्या, अंगावरून काढताना केसांतून चटचट ठिणग्या उडणाऱ्या. त्यामुळे श्रीनगरला निघताना एक गोष्ट पक्की होती: शाल घ्यायची नाही.

ऑक्टोबर संपत आला होता, चिनार पेटले होते. दल सरोवराकाठच्या एका दुकानात, पश्मिना अस्सल आहे हे पटवायला, अंगठीतून शाल ओढून दाखवण्याचा खेळ झाला. मग दुकानदाराने आवाज खाली आणून ‘शाहतूश’चं नाव काढलं, तशी मी उठले. त्या लोकरीसाठी तिबेटी चिरू हरणाचा जीव घ्यावा लागतो आणि तिच्या व्यापारावर बंदी आहे.

रिक्षावाल्याला हे सांगितलं तर तो हसला आणि मला जुन्या शहरात, झडीबलला घेऊन गेला. अरुंद गल्ली, लाकडी जिना, वर खिडकीशी बसलेले तीन पुरुष. हो, पुरुष! सोज़नीची ही बारीक सुईकारी तिथे मुख्यतः पुरुषांच्या हातची. प्रत्येकाच्या उभ्या गुडघ्यावर शालीचा एकेक कोपरा. मी कौतुकाने हात पुढे केला, तोच त्यांतले वयस्क चाचा म्हणाले, “दीदी, पहले चूड़ियाँ।”

बांगड्या काढून पर्समध्ये टाकल्या. एका खरबरीत कडेत धागा अडकला तर कोणाचे तरी चार दिवस उसवतात.

मग त्यांनी शाल आधी उलटीच करून दाखवली. सुलट बाजूवर सगळेच भाळतात म्हणे, कारागीर ओळखायचा तर मागून. सुई कापडाचा जेमतेम एखादा धागा उचलते, त्यामुळे मागेही नक्षी जवळजवळ तशीच स्वच्छ. दोरुखा असेल तर सुलट कुठली हेच कळत नाही. नक्षी उमटवायला अक्रोडाच्या लाकडाचे ठसे असतात, ते काम नक्काशाचं. आपण जिला कोयरी म्हणतो ती इथे ‘बादाम’. चाचांच्या मांडीवरची शाल दोघांनी मिळून दोन वर्षांपूर्वी हाती घेतलेली, अजून तिसरा हिस्सा बाकी.

‘शालजोडी’ हा शब्द मी आजवर फक्त टोमण्यापुरता वापरत होते. तो जोडीने विकल्या जाणाऱ्या काश्मिरी शालींचा. दोन शाली पाठीला पाठ लावून शिवायचे, म्हणजे उलटी बाजू झाकली जाई. हे चाचांना सांगितलं, शिवाय आपण त्यातून जोडेही मारतो हेही. ते इतके हसले की नून चाय सांडता सांडता राहिला. (गुलाबी, खारट चहा. दुसऱ्या कपाला आवडतो.)

खालच्या खोलीत त्यांची सून यंदरवर, म्हणजे चरख्यावर, सूत कातत होती. पश्म, म्हणजे पश्मिन्याची लोकर, येतो लडाखच्या चांगथांगमधून. चार हजार मीटरपेक्षा उंचावर, उणे तीस अंशांच्या थंडीत बकरीच्या अंगावर आतून जी मऊ लव येते, ती वसंतात विंचरून काढतात. तंतू १२ ते १६ मायक्रॉनचा, आपला केस साधारण ७०. हातात घेतला तर आहे की नाही कळेना, नुसती ऊब जाणवली. तांदळाच्या पिठात घोळून त्यातला तेलकटपणा काढतात, मग कातायचा. यंत्राच्या ताणाला असलं सूत तुटतं, म्हणून गिरणीवाले त्यात नायलॉन मिसळतात आणि विणून झाल्यावर आम्लाने विरघळवतात. लोकरीचा जीव तिथेच जातो. हातकताईचं सूत किंचित जाडबारीक असतं, उजेडासमोर धरलं की दिसतं. श्रीनगरच्या क्राफ्ट डेव्हलपमेंट इन्स्टिट्यूटमध्ये तंतूची जाडी आणि हातकताई तपासून भौगोलिक मानांकनाचं लेबल लावतात. अंगठीपेक्षा मी त्यावर विश्वास ठेवीन. अंगठीतून काय, पातळ व्हिस्कोजही जातं.

घ्यायची नाही म्हणता म्हणता घेतलीच. पूर्ण भरलेली परवडणं शक्यच नव्हतं. बदामी रंगाचा एक स्टोल, फक्त काठाला सोज़नी. चाचांनी बजावलं: सेफ्टी पिन लावायची नाही, अत्तर थेट शिंपडायचं नाही, मलमलमध्ये ठेवायचा आणि अधूनमधून घडी बदलायची, नाहीतर घडीवरच विरतो.

विमानात पांघरला आणि तासभर विसरूनच गेले, इतका हलका. मंगळसूत्र मात्र पूर्ण वेळ ब्लाउजच्या आत.

पुण्यात घरी पोचले तेव्हा बाबा पेपर वाचत होते. “एकतीस होत्या, त्यात आणखी एक?” असं म्हणत त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि काठ चाचपायला हात पुढे केला.

“बाबा, थांबा. आधी अंगठी काढा.”