गाविलगडच्या डोंगरातला डोह : उतरायचं कुठून, निघायचं कुठून

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात चिखलदऱ्याच्या अलीकडच्या एका नाल्यातल्या डोहावर सहा जण जाऊन आलो. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. नाव फुटलं की पुढच्या रविवारी तिथं साउंडबॉक्स पोचतो. पण खाली लिहिलेलं बहुतेक सगळं या रांगेतल्या कुठल्याही डोहाला लागू पडतं, कारण दगड एकच आहे.

आधी हद्द. मेळघाट व्याघ्र प्रकल्प १९७३-७४ पासूनचा, देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांतला. सिपना, खापरा, खंडू या नद्यांचे देखणे डोह बरेचसे त्याच्या पोटात आहेत. तिथं पोहायचं मनातही आणू नका. अभयारण्यात विनापरवाना शिरणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, आणि नाल्याच्या काठी हद्दीचा दगड दिसेलच असं नाही. म्हणून गावात पोचल्यावर पहिला प्रश्न डोहाचा विचारू नका. वनरक्षकाला गाठा, नाला कुणाच्या ताब्यात आहे आणि जायला परवानगी आहे का ते विचारा. तो नाही म्हणाला तर विषय संपला.

रस्ता सोपा आहे. अमरावती ते परतवाडा पन्नासेक किलोमीटर, तिथून धामणगाव गढीवरून घाटानं चिखलदरा आणखी तीसेक. रेल्वेनं येणाऱ्यांना बडनेरा बरं पडतं. पहाटे सहाला अमरावती सोडली, साडेसातला परतवाड्यात पोहे आणि दोन किलो संत्री घेतली (आंबिया बहार याच दिवसांत निघतो, रस्त्याकडेला ढीग असतात), नऊला गावात. पेट्रोल परतवाड्यातच भरा.

गावातून वाटाड्या घ्या. रस्ता चुकेल म्हणून नव्हे. वाट गुरांची आहे, डोळे झाकून सापडते. पण या महिन्यात डोह कसा आहे, परवा पाणी किती होतं, अस्वल कुठल्या बाजूला दिसलं, हे त्यालाच ठाऊक. आमच्या सोबत आलेला कोरकू आदिवासी दादा वरच्या काठावर बसून राहिला, पाण्याला शिवला नाही, आणि त्याचं सगळं लक्ष डोहाकडे नव्हे तर वरच्या अंगाला होतं. त्याचं एकच सांगणं : "पानी गढूळ झालं का निंगाचं, इचारत बसाचं नाई." दिवसाचे पाचशे रुपये आधी ठरवले आणि शिदोरी सोबत खाल्ली.

उतार पाऊण तासाचा. वरचा अर्धा सागाच्या पाचोळ्यातून. नोव्हेंबरात सागाची मोठाली पानं गळायला लागतात, खाली सुटे गोटे असतात आणि पानाखालचा गोटा दिसत नाही. काठी हवीच. पाऊल टाकायच्या आधी काठीनं पान सरकवा. घोणस आणि फुरसं दोन्ही पाचोळ्याच्या रंगाची असतात. खालचा अर्धा उघड्या कातळावरून, तो बरा.

आता डोह. गाविलगडची रांग म्हणजे काळ्या कातळाचे थरावर थर. कठीण थरावरून पाणी पडतं, खालचा ठिसूळ थर झिजतो, आणि धारेच्या मागे कपार तयार होते. म्हणजे वरून जो काठ भरीव वाटतो तो खालून पोकळ असतो. कड्याच्या टोकावर उभं राहून फोटो काढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. पाण्यात गोटे गरगर फिरून तळाला रांजणखळगे पडतात, काही घागरीएवढे, काही माणूस कमरेपर्यंत जाईल एवढे. गुडघाभर पाण्यात चालताना पाय अशा खळग्यात गेला तर घोटा मुरगळतो, आणि पाण्याला ओढ असेल तर हाड मोडतं. चालताना पाय उचलू नका, घासत पुढे न्या.

आम्ही पोचल्यावर पहिला अर्धा तास कुणीच पाण्यात गेलं नाही. सुतळीला दगड बांधला, दर हातावर गाठ मारली आणि काठाकाठानं माप घेतलं. धारेखाली नऊ हात, म्हणजे तेरा-चौदा फूट. डाव्या अंगाला एकदम उभा कातळ. उजवीकडे तीन फुटांवर सपाट पाटा, तो चार पावलांनी अचानक तुटतो. वरून बघताना हा तुटलेला काठ कळतच नाही. स्वच्छ पाण्यात खोली खरीच्या पाऊणपट दिसते. बारा फुटांचं पाणी नऊ फुटांचं वाटतं, सहा फुटांचं साडेचार. "छातीभर तर आहे" म्हणून उतरलेला माणूस डोक्यावरच्या पाण्यात जातो तो असा.

पण सगळ्यात महत्त्वाचं माप खोलीचं नाही, बाहेर निघायच्या जागेचं आहे. डोहात शिरायला दहा जागा असतात, निघायला एखादी. कातळ पाण्यानं गुळगुळीत केलेला, पाण्याच्या रेषेवर बोटभर रुंद तपकिरी शेवाळाचा पट्टा, त्यावर ना हात टिकतो ना पाय. ताज्या दमाच्या माणसालाही तिथून वर येता येत नाही, मग थकलेल्याचं काय. आमच्या डोहाची निघायची जागा खालच्या टोकाला होती : पाणी बाहेर पडतं तिथं गोट्यांचा उतार, आठ-दहा फूट रुंद, त्यावर वाळू. ती जागा सगळ्यांनी आधी पायानं चालून पाहिली, तिथल्या दगडावर लाल गमछा बांधला, आणि मगच पहिला माणूस पाण्यात शिरला, तोही तिथूनच. तुमच्या डोहाला अशी जागा सापडली नाही तर पाय बुडवून, भाकर खाऊन परत या. उडी मारायची तर निघायची जागा आणि उडीची जागा दोन्ही मोजलेल्या हव्यात. डोकं खाली करून मात्र कधीच नाही. गेल्या पावसाळ्यात जिथं मोकळं होतं तिथं यंदा पुरानं आणलेला धोंडा असू शकतो.

आपल्याकडचे पोट्टे विहिरीत पोहायला शिकतात, पाठीला डबा बांधून. त्यांना दम असतो, भीती नसते, आणि तिथंच घोळ होतो. विहिरीचं पाणी ओढत नाही. डोहात धारेजवळचं पाणी गोल फिरून माणसाला परत धारेकडे नेतं, आणि फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असल्यानं अंग नेहमीसारखं तरंगत नाही. धारेखाली जाऊन उभं राहायची हौस असेल तर ती घोट्याभर पाण्याच्या छोट्या धारेखाली भागवा. मोठ्या धारेपासून आठ-दहा हात लांब राहा. सापडलातच तर धारेशी झगडू नका, आडवे कडेला निघा.

गारव्याचं गणित वेगळं. खोऱ्यात ऊन उशिरा उतरतं. आमच्या डोहावर अकराला आलं, दोनला गेलं. उन्हानं वरचं हातभर पाणी कोमट होतं, पाय खाली सोडले की बर्फ. सूर मारून एकदम आत गेलं की श्वास वर ओढला जातो आणि तेव्हाच नाकातोंडात पाणी जातं. आधी मानेवर, छातीवर पाणी मारा, दोन मिनिटं कमरेपर्यंत उभे राहा. दहा-बारा मिनिटांनी बाहेर या, कोरडे व्हा, संत्रं खा. पोटरीला गोळा आलाच तर उताणे तरंगा, पायाचा पंजा स्वतःकडे ओढा.

सामान थोडंच, पण हे हवंच : वीस मीटरची जाड दोरी, आणि तिच्या टोकाला पाच लिटरचा तेलाचा रिकामा डबा, झाकण घट्ट लावून. बुडणाऱ्याकडे माणूस पाठवायचा नाही, डबा फेकायचा. रिकामा डबा वाऱ्यानं भलतीकडे जातो म्हणून त्यात वाटीभर वाळू घाला. काठावर दोनदा फेकून बघा. पायात जुने कॅनव्हासचे बूट. चप्पल पहिल्याच मिनिटाला वाहून जाते. कोरड्या कपड्यांचा जोड, शिटी, क्रेप बँडेज. नाल्यात उतरलं की रेंज जाते, म्हणून १०८ लावायलाही एक जण वर पळावा लागतो. तो कोण, ते आधीच ठरवा. चिखलदऱ्यात ग्रामीण रुग्णालय आहे, अचलपूरला उपजिल्हा रुग्णालय.

दोन गोष्टी पाण्याबाहेरच्या. कड्यावर काळी लोंबती पोळी दिसली तर ते आग्या मोहोळ. चूल पेटवायची नाही, सिगारेट नाही, दगड तर नाहीच, अंगाला सेंट लावून यायचं नाही. माश्या उठल्या तर पाण्यात बुडी मारून सुटका होत नाही, डोकं वर काढेपर्यंत त्या घिरट्या घालत राहतात. पांघरूण डोक्यावर घेऊन झाडीत पळायचं. दुसरं, लोंढा. डोहावर ऊन असताना वर पठारावर सर येऊ शकते. माती पातळ, खाली कातळ, पाणी मुरत नाही, सरळ नाल्यात येतं. पाण्यावर काड्या-पानं वाढली, रंग चहासारखा झाला किंवा धारेचा आवाज जड झाला, की सामान सोडून आडवं वर चढायचं, नाल्यातून पळायचं नाही.

म्हणून हंगामही छोटा. परतीचा पाऊस संपल्यावर ऑक्टोबरच्या शेवटापासून डिसेंबरपर्यंत. जानेवारीत धार बारीक होते, फेब्रुवारीनंतर पाणी हिरवं पडतं. आणि मे महिन्यात, विदर्भ भट्टीसारखा तापलेला असताना, प्रत्येकाला डोह आठवतो, नेमकं तेव्हा जायचं नाही. उरलेलं तेवढंच पाणी सांबराचं, अस्वलाचं आणि गावच्या गुरांचं असतं. एरवीही साबण, शाम्पू पाण्यात नको. खाली याच नाल्यावर गावाचं पाणी आहे.

अडीचला निघा. चढ दीड तासाचा आहे आणि पाचनंतर जंगलात अस्वलाची वेळ होते. वर आल्यावर मोथा गावच्या गवळ्यांकडचा खवा किंवा रबडी घ्यायला हरकत नाही. दुचाकीवाल्यांनी मात्र आधी कपडे बदलावेत. ओल्या अंगानं घाट उतरताना बोटं बधिर होतात, आणि ब्रेक तर बोटांनीच दाबायचा असतो.