साउंडबारला काय जोडावे आणि टीव्हीला काय

साउंडबार घरी आला की पहिला प्रश्न असा पडतो, की टीव्हीखाली दाटीवाटीने बसलेले सेट-टॉप बॉक्स, स्ट्रीमिंग स्टिक, गेम कन्सोल आणि ब्लू-रे प्लेअर हे सगळे त्याला जोडायचे कसे, कारण मध्यम किमतीच्या साउंडबारच्या मागे एचडीएमआयचे एक किंवा फार तर दोनच पोर्ट असतात. माझे मत असे, की ही उपकरणे साउंडबारला जोडूच नयेत. ती सगळी टीव्हीला जोडावीत आणि टीव्हीपासून साउंडबारपर्यंत एकच केबल न्यावी. याला अपवाद आहेत, पण ते मोजके आहेत.

ही केबल टीव्हीच्या कोणत्याही पोर्टमध्ये लावून चालत नाही. एचडीएमआयमधून एरवी चित्र आणि आवाज टीव्हीकडे येतात. आवाज उलट दिशेने बाहेर पाठवण्याची सोय २००९ साली एचडीएमआय १.४ बरोबर आली आणि तिला एआरसी (ऑडिओ रिटर्न चॅनेल) म्हणतात; ईएआरसी ही तिचीच जास्त क्षमतेची नवी आवृत्ती. ज्या पोर्टशेजारी ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ अशी बारीक अक्षरे छापलेली असतात, त्याच पोर्टात ही केबल लावावी लागते. टीव्ही भिंतीवर बसवलेला असेल, तर मान वाकडी करण्यापेक्षा मोबाइल मागे सरकवून फोटो काढावा.

केबल योग्य पोर्टात लावूनही आवाज टीव्हीतूनच येत राहतो, अशी तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे. अशा वेळी बहुधा सीईसी, म्हणजे एचडीएमआयने जोडलेल्या उपकरणांना एकमेकांना आदेश पाठवू देणारे सेटिंग, बंद असते, आणि ते सेटिंगमध्ये शोधूनही सापडत नाही, कारण सॅमसंगमध्ये त्याला ॲनीनेट प्लस, एलजीमध्ये सिम्पलिंक आणि सोनीमध्ये ब्राव्हिया सिंक म्हणतात. ते सुरू केल्यावर डिजिटल ऑडिओ आउटपुट पाहावे. तेथे ‘पीसीएम’ निवडलेले असेल, तर बहुतेक टीव्ही साउंडबारकडे फक्त दोन चॅनेलचा आवाज पाठवतात आणि मागचे स्पीकर विकत घेऊनही मुकेच राहतात; म्हणून ‘ऑटो’ किंवा ‘पास-थ्रू’ निवडावे.

ईएआरसीसाठी नवा टीव्ही घ्यावा का, याचे उत्तर तुम्ही काय पाहता यावर अवलंबून आहे. ओटीटीवरील डॉल्बी ॲटमॉस, म्हणजे वरूनही येत असल्यासारखा भासणारा आवाज, साधारणपणे डॉल्बी डिजिटल प्लस या संकुचित स्वरूपातून येतो आणि तो साध्या एआरसीतूनही जाऊ शकतो. ब्लू-रे डिस्कवरील डॉल्बी ट्रूएचडी या मूळ दर्जा राखणाऱ्या आवाजाला मात्र ईएआरसीच लागते, कारण तिची क्षमता सेकंदाला ३७ मेगाबिटपर्यंत आहे. डिस्क न पाहणाऱ्याने त्यासाठी जादा पैसे मोजणे मला पटत नाही.

एआरसी नसलेल्या जुन्या टीव्हीला ऑप्टिकल केबलचा आधार असतो. तोशिबाने १९८३ मध्ये आणलेल्या या जोडणीतून स्टिरिओ किंवा संकुचित ५.१ (सहा चॅनेलचा) आवाज जातो, ॲटमॉस जात नाही, आणि सीईसीही नसते. नव्या केबलच्या दोन्ही टोकांवर पारदर्शक प्लॅस्टिकची इवलीशी टोपणे असतात; ती काढल्याशिवाय पिन बसत नाही, आणि जोर लावल्यास सॉकेटचे झाकण मात्र तुटते.

आता अपवाद. काही टीव्ही डीटीएस, म्हणजे ब्लू-रे डिस्कवर आढळणारे डॉल्बीसारखेच दुसरे स्वरूप, असलेला आवाज पुढे पाठवत नाहीत. अशा घरात ब्लू-रे प्लेअर थेट साउंडबारच्या एचडीएमआय इनपुटला जोडावा आणि चित्र तेथून टीव्हीकडे जाऊ द्यावे. गेम कन्सोलचे नेमके उलटे आहे. साउंडबार फोर-के चित्र १२० हर्ट्‌झने पुढे पाठवू शकत नसेल, तर कन्सोल त्याच्यामार्फत जोडल्याने तो वेग हातचा जातो, म्हणून तो टीव्हीलाच लावावा. ब्लूटूथ फक्त मोबाइलवरच्या गाण्यांसाठी ठेवावे, कारण चित्रपट पाहताना त्यातून येणारा आवाज ओठांच्या मागे पडू शकतो.

केबलमधूनही ओठ आणि आवाज जुळत नसतील, तर आधी आवाज पुढे धावतो की मागे राहतो, हे पाहावे. पुढे धावत असेल, तर साउंडबारमधील ऑडिओ डिले थोडा थोडा वाढवावा. मागे राहत असेल, तर डिले शून्यावर आणून टीव्हीचे आउटपुट बदलून पाहावे, कारण डिले आवाजाला फक्त थांबवू शकतो, पुढे ढकलू शकत नाही. काल चालणारी जोडणी आज अचानक मुकी झाली, तर सेटिंगला हात लावण्यापूर्वी सगळ्या उपकरणांचे प्लग काढून काही मिनिटे थांबावे, आणि मग आधी टीव्ही, नंतर साउंडबार आणि शेवटी बाकीची उपकरणे सुरू करावीत.