किमो चालू असताना सीबीसी कसा वाचावा

नवऱ्याचा किंवा बायकोचा किमो चालू असला की मोबाइलवर सीबीसीची (रक्तपेशींच्या मोजणीची) पीडीएफ येते आणि जवळजवळ प्रत्येक आकड्यापुढे लाल अक्षरात 'एल' (कमी) किंवा 'एच' (जास्त) छापलेलं असतं. त्या खुणांनी घाबरून जाऊ नका. शेजारी छापलेली नॉर्मल रेंज निरोगी माणसाची आहे, किमोच्या बाराव्या दिवशी असलेल्या माणसाची नाही. आकडा कितव्या दिवसाचा आहे आणि कालपरवापेक्षा वर चाललाय की खाली, हे कळल्याशिवाय त्याला अर्थ नाही. म्हणून रिपोर्ट उघडण्याआधी दिवस मोजा. किमोचं पहिलं औषध चढलं तो पहिला दिवस.

एएमएल या रक्ताच्या कॅन्सरचं उदाहरण घेऊ. त्यात पहिला किमो पुष्कळदा 'सेव्हन प्लस थ्री' असतो: सायटाराबिन सात दिवस आणि त्यातले तीन दिवस सोबत डॉनोरुबिसिन. न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) रक्तात जेमतेम एखादा दिवस टिकतात, प्लेटलेट ७ ते १० दिवस, लाल पेशी साधारण १२० दिवस. बोन मॅरोचं, म्हणजे रक्तपेशी तयार करणाऱ्या हाडांतल्या मगजाचं, काम थांबलं की याच क्रमाने साठा संपतो. आधी पांढऱ्या पेशी कोसळतात, मग प्लेटलेट, आणि हिमोग्लोबिन सावकाश उतरत राहतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सगळंच तळाला असतं, चौथ्या आठवड्याच्या आसपास काउंट वर येऊ लागतात. मधल्या काळात टीएलसी (एकूण पांढऱ्या पेशी) २०० दिसला तर तो औषधाचा अपेक्षित परिणाम आहे.

सगळ्यात महत्त्वाचा आकडा अनेक रिपोर्टांत छापलेलाच नसतो. तो एएनसी, म्हणजे न्यूट्रोफिलची प्रत्यक्ष संख्या. तो स्वतः काढायचा: टीएलसीला न्यूट्रोफिलच्या टक्क्यांनी गुणायचं आणि १०० ने भागायचं. 'बँड' (थोडे कच्चे न्यूट्रोफिल) वेगळे दिले असतील तर तेही न्यूट्रोफिलमध्ये मिळवायचे. टीएलसी १,२०० आणि न्यूट्रोफिल ३५ टक्के असतील तर एएनसी ४२०. टीएलसी ९०० पण न्यूट्रोफिल ७० टक्के असतील तर ६३०. दुसऱ्या रिपोर्टात एकूण पेशी कमी असूनही संसर्गाशी लढणाऱ्या पेशी जास्त आहेत. ५०० च्या खाली एएनसी म्हणजे गंभीर न्यूट्रोपेनिया, आणि १०० च्या खाली धोका आणखी वाढतो.

याच गणितामुळे आणखी एक भीती जाते. 'लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा दुसरा प्रकार) ९० टक्के' अशी लाल ओळ दिसली की कॅन्सर परत वाढला असं लोकांना वाटतं. टीएलसी ४०० असेल तर ९० टक्के म्हणजे फक्त ३६० लिम्फोसाइट. ते वाढलेले नाहीत, बाकीचे संपल्यामुळे त्यांचा वाटा मोठा दिसतोय. काउंट फारच खाली असताना मशीनने दिलेल्या टक्क्यांवर तसाही भरवसा ठेवता येत नाही. मोजायला पुरेशा पेशीच नसतात, म्हणून काही लॅब टक्के छापायचंच टाळतात, आणि ते योग्यच आहे.

एएनसी ५०० च्या खाली असताना ताप आला तर सकाळची वाट बघायची नाही. एकदा १०१ फॅरनहाइट, किंवा तासभर टिकलेला १००.४, ही सर्वसाधारण मर्यादा आहे. तुमच्या डॉक्टरांनी १०० लाच फोन करायला सांगितलं असेल तर १०० हीच तुमची मर्यादा. रुग्णालयात पोहोचल्यावर तासाभराच्या आत शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. ताप मोजण्याआधी क्रोसिन देऊ नका, कारण नेमकी हीच खूण झाकली जाते. डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइडं चालू असतील तर तापही दबतो. तेव्हा नुसती हुडहुडी भरली तरी फोन करा. काखेतला थर्मामीटर तोंडातल्यापेक्षा कमी दाखवतो, म्हणून रोज एकाच जागी मोजा. गुदद्वारातून कधीही नाही.

प्लेटलेटच्या ओळीत आधी एकक वाचा. आपल्याकडे एक लॅब लाखात लिहिते, दुसरी हजारात. ०.१४ लाख म्हणजे १४,००० आणि हजारांच्या रकान्यातले १४ म्हणजेही १४,०००. पण त्याच रकान्यात १४० असतील तर ते १.४ लाख झाले. उपचारांसाठी परळला किंवा खारघरला टाटात येणारी आणि मधल्या काळात गावी जाणारी कुटुंबं तालुक्याच्या लॅबमध्ये सीबीसी करतात, तेव्हा हा घोळ हमखास होतो. फोनवर डॉक्टरांना आकडा एककासकट सांगा. ब्रिटनमधल्या मराठी घरांना हिमोग्लोबिन ८२ असं दिसेल. तिथे ते लीटरवर मोजतात, आपल्या भाषेत ८.२.

ताप नाही, रक्तस्राव नाही अशा रुग्णाला साधारणपणे १०,००० च्या खाली गेल्यावर प्लेटलेट चढवतात. ताप असेल तर २०,००० च्या आसपास. एपीएल हा एएमएलचाच एक प्रकार, ज्याला पूर्वी एम३ म्हणत, त्यात रक्त गोठण्याचं तंत्रच बिघडलेलं असतं, म्हणून तिथे मर्यादा बरीच वर ठेवतात. इतक्या खालच्या पातळीवर मशीनची चूक लक्षात घेतली तर ९,००० आणि १२,००० यांत खरा फरक नसतो. आकड्यापेक्षा अंग बघा: पायांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, हिरड्यांतून रक्त, काळं शौच, अचानक जोराची डोकेदुखी. शेवटच्या दोनपैकी एकही दिसलं तर रिपोर्टसाठी थांबूच नका.

एसडीपीची (एकाच दात्याकडून मशीनने घेतलेल्या प्लेटलेटची) एक पिशवी मोठ्या माणसाचा काउंट साधारण ३०,००० ते ६०,००० ने वाढवते, आरडीपीची (साध्या रक्तदानातून वेगळ्या काढलेल्या प्लेटलेटची) एक पिशवी ५,००० ते १०,००० ने. ताप, मोठी झालेली प्लीहा किंवा रक्तस्राव असला की वाढ कमी होते. दोन-तीनदा चढवूनही काउंट हलत नसेल, तर पिशवी संपल्यावर तासाभराच्या आत सीबीसी करायचा का, हे विचारा. तासाभरातच वाढ दिसली नाही तर शरीराने प्लेटलेटविरुद्ध अँटिबॉडी तयार केल्याची शक्यता तपासावी लागते. दुसऱ्या दिवशीच्या काउंटवरून हे कळत नाही. पिशवीत साठवलेल्या प्लेटलेट पाच दिवसच टिकतात, तेव्हा दाते एकाच दिवशी गोळा करू नका, दिवस वाटून द्या. पुढे बोन मॅरो ट्रान्सप्लांटची शक्यता असेल तर सख्खी भावंडं आणि मुलं यांचं रक्त रुग्णाला देऊ नये. आणि पिशवी इरॅडिएटेड (किरणोत्सर्ग दिलेली) व ल्युकोरिड्यूस्ड (पांढऱ्या पेशी गाळलेली) आहे का, हे विचारायला संकोच करू नका.

पपईच्या पानांचा रस, किवी, बीट यांनी हे आकडे हलत नाहीत. मॅरोच बंद आहे, आणि न्यूट्रोपेनियात घरी वाटलेला कच्चा रस संसर्ग घेऊन येऊ शकतो. हिमोग्लोबिनसाठी लोहाच्या गोळ्याही मनाने देऊ नका. रक्ताच्या प्रत्येक पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह आधीच शरीरात जातं. बहुतेकांना हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेल्यावर रक्त देतात, हृदयरोग असेल तर त्याआधी. एका पिशवीने ते सुमारे १ ने वाढतं. रात्रभर सलाइन चालू असेल तर हिमोग्लोबिन सकाळी ९ वरून ८.३ वर आलेलं दिसू शकतं. ते नुसतं पातळ होणंही असतं.

यावरून नमुन्याच्या चुकांकडे येऊ, कारण अनेकांची झोप याच चुका उडवतात. सलाइन चालू असलेल्या हातातून किंवा शिरेत बसवलेली लाइन (नळी) नीट फ्लश न करता, सुरुवातीचं रक्त टाकून न देता नमुना घेतला, तर पांढऱ्या, लाल, प्लेटलेट तिन्ही एकदम पडलेल्या दिसतात. डेक्स्ट्रोजची बाटली असेल तर सोबत साखर भलतीच वाढलेली दिसते. रुग्ण कालसारखाच दिसतोय आणि सगळेच काउंट एका दिवसात निम्मे झालेत, तर दुसऱ्या हातातून पुन्हा नमुना घ्यायला सांगा. प्लेटलेट एकट्याच अचानक पडल्या असतील तर जांभळ्या झाकणाच्या नळीतल्या ईडीटीएमुळे (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनामुळे) त्यांच्या गुठळ्या झाल्या असू शकतात. स्मिअर (काचेवर पसरलेलं रक्त) सूक्ष्मदर्शकाखाली बघून आणि निळ्या झाकणाच्या सायट्रेट नळीत पुन्हा मोजून शंका फिटते. पोटॅशियम एकदम ६ आलं आणि शेरा 'हिमोलाइज्ड' असेल, तर नळीतच लाल पेशी फुटल्या आहेत.

पोटॅशियमचा खरा धोका पहिल्या आठवड्यात असतो, विशेषतः सुरुवातीचा टीएलसी खूप जास्त असेल तर. कॅन्सरच्या पेशी एकदम फुटल्या की युरिक ॲसिड, पोटॅशियम, फॉस्फरस वाढतात, कॅल्शियम घसरतं आणि किडनीवर ताण येतो. पहिल्या तीन दिवसांत हे चार आकडे क्रिएटिनिनसोबत दिवसातून एकापेक्षा जास्त वेळा तपासतात ते यासाठीच. रासब्युरिकेज (युरिक ॲसिड तोडणारं औषध) दिलं असेल तर युरिक ॲसिडची नळी लगेच बर्फात ठेवून लॅबला पोहोचवावी लागते. नाहीतर ते औषध नळीतही काम करत राहतं आणि आकडा खोटा कमी येतो. नळी नेणारा बहुतेकदा नातेवाईकच असतो, म्हणून तुम्हाला हे माहीत असायला हवं.

काउंट परत येताना पुष्कळदा आधी मोनोसाइट (पांढऱ्या पेशींचा आणखी एक प्रकार) डोकं वर काढतात. टीएलसी ५०० आणि मोनोसाइट ३० टक्के दिसले तर ती बऱ्याचदा मॅरो जागा होत असल्याची खूण असते. जीसीएसएफची (पांढऱ्या पेशी वाढवणारी) इंजेक्शनं चालू असतील तर टीएलसी झपकन चढतो आणि रिपोर्टात मायलोसाइट, मेटामायलोसाइट या कच्च्या पेशी, क्वचित एखाद-दोन टक्के ब्लास्टही (सगळ्यात कच्च्या पेशी, ज्या एएमएलमध्ये वाढतात) दिसतात. इंजेक्शन थांबल्यावर आकडा पुन्हा खाली येतो. पण ब्लास्ट दिसले हे हेमॅटॉलॉजिस्टना त्याच दिवशी कळवा, अर्थ तेच लावतील.

उलट, सीबीसीत ब्लास्ट शून्य आहेत म्हणून आजार गेला असंही धरू नका. एएमएलमध्ये संपूर्ण रेमिशन (आजार आटोक्यात) म्हणायला मॅरोत ब्लास्ट ५ टक्क्यांच्या खाली, एएनसी किमान १,००० आणि प्लेटलेट किमान १ लाख लागतात. त्यानंतरही उरलेला सूक्ष्म आजार शोधायला एमआरडी तपासणी असते. मॅरोच्या रिपोर्टमागे त्याच दिवशीचा सीबीसी लावून ठेवा. ओपीडीत डॉक्टर दोन्ही शेजारी ठेवूनच वाचतात.