फुल-फ्रेम घेऊ का, भाऊ?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. लग्नाच्या हॉलमध्ये, आपल्या नागपूरच्या फुटाळा तलावावर, ताडोबाच्या गेटवरच्या रांगेत हाच प्रश्न येतो: "भाऊ, मिररलेसच्या जमान्यात सेकंडहँड फुल-फ्रेम डीएसएलआर घेतला तर चालेल का? अन् घेताना पाहायचं काय?"

चालेल. डीएसएलआर म्हणजे आत आरसा असलेला, काचेतून पाहायचा कॅमेरा; मिररलेस म्हणजे बिनआरशाचा. पण पाहायचं काय, याचं उत्तर जरा लांब आहे. बहुतेक जण आधी मेगापिक्सल विचारतात. ते शेवटी विचारा.

फुल-फ्रेम म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरचा सेन्सर, जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा. क्षेत्रफळ छोट्या, म्हणजे क्रॉप सेन्सरच्या सव्वादोन पटींहून थोडं जास्त. म्हणजे कमी उजेडात एका स्टॉपहून (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) जरासा जास्त फायदा. बस. यूट्यूबवाले सांगतात तसा चमत्कार नाही. पण पहाटे पेंचच्या सागवानात आयएसओ (उजेड कमी पडला की वाढवायची संवेदनशीलता) ६४०० वर पोचलेल्या माणसाला तो एक स्टॉप किती मोलाचा, हे त्यालाच विचारा.

खरी परीक्षा उन्हात होते, आणि उन्हाला आपल्याकडे तोटा नाही. दुपारी दीक्षाभूमीच्या बाहेर उभे राहा. मागे उन्हात लखलखणारा स्तूप, पुढे झाडाच्या सावलीत बसलेला माणूस. रॉ (कॅमेऱ्याने न सजवलेली कच्ची फाइल) लावा, आयएसओ सगळ्यात खाली आणा आणि स्तूपाचा पांढरा रंग फुटणार नाही एवढंच एक्स्पोजर द्या. माणसाचा चेहरा काळा पडेल, पडू द्या. घरी येऊन सावली तीन स्टॉप वर ओढा. निकॉन डी८५० वर आयएसओ ६४ ला हे केलं, तर कातडीचा रंग जागेवर राहतो, सदऱ्याच्या चुण्यासुद्धा मोजता येतात. २००८ च्या कॅनन ५डी मार्क २ वर त्याच सावलीत रेघा उमटतात. तो कॅमेरा आजही स्वस्तात मिळतो, आणि उजेड सारखा असेल तर फोटोही छान देतो. पण आपला उजेड सारखा असतो कधी?

मग फोकस. सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. डीएसएलआरमध्ये फोकसचा सेन्सर वेगळा असतो, आरशाखाली तळाशी बसवलेला. फोटो एका सेन्सरवर उमटतो, फोकस दुसराच ठरवतो. दोघांचं केसभर जरी जमलं नाही, तरी ८५ एमएमवर एफ १.८ ला, म्हणजे लेन्सचं भोक मोठं उघडलं की, डोळ्याऐवजी कान शार्प येतो. दुकानातच तपासा: टेबलावर वर्तमानपत्र तिरपं ठेवा, कॅमेरा ट्रायपॉडवर लावा, मधल्या मथळ्यावर आधी व्ह्यूफाइंडरमधून फोकस करून फोटो काढा, मग लाइव्ह व्ह्यूमधून, म्हणजे मागच्या पडद्यावरून; तिथे फोकस फोटोचाच सेन्सर ठरवतो. दोन्ही फोटो शंभर टक्के मोठे करून पाहा. फरक दिसला म्हणून लगेच कॅमेरा परत करू नका. एएफ फाइन ट्यूनने, म्हणजे मेनूतल्या फोकस जुळवायच्या सोयीने, तो बहुतेकदा निघतो, आणि डी८५० तर ते स्वतःच करून देतो.

दुसरी गोष्ट, फुल-फ्रेम डीएसएलआरचे फोकस पॉइंट मध्यभागी दाटीने बसलेले असतात. डी८५० चे १५३ पॉइंटसुद्धा कडेपर्यंत पोचत नाहीत. मारबतीच्या पुतळ्यांच्या मिरवणुकीत, महाल-इतवारीच्या गल्लीत, मागून रेटा येत असताना फ्रेमच्या कडेचा चेहरा पकडायचा असेल, तर मध्यावर फोकस लॉक करून कॅमेरा सरकवावा लागतो. तोवर पिवळी मारबत पुढे गेलेली असते.

जंगलवाल्यांसाठी हिशोब वेगळा. फुल-फ्रेमवर वाघ लहान दिसतो, लेन्स लांब लागते. डी८५० क्रॉप मोडमध्ये (सेन्सरचा फक्त मधला भाग वापरून) १९ मेगापिक्सलच्या वर देतो, म्हणून त्याचे ४५ मेगापिक्सल कामाचे. बाकी ते ४५ म्हणजे प्रत्येक रॉ फाइल ५० एमबीच्या आसपास. एका लग्नाचे दोन हजार फोटो धरले तर १०० जीबी. हार्ड डिस्कचे पैसे बजेटमध्ये आधीच धरा. बॅटरीबद्दल मात्र बोट ठेवायला जागा नाही: कंपनीच्या मोजणीत एका चार्जवर १८४० फोटो. जिप्सीत दिवसभर व्ह्यूफाइंडरला डोळा लावून बसा, काचेतून पाहायला बॅटरी जळत नाही. वजन एक किलो, त्यावर २००-५०० एमएमची लेन्स सव्वादोन किलोच्या वर. टेकवायला बीन बॅग विसरू नका.

सेकंडहँड घेताना शटर काउंट, म्हणजे शटर आजवर किती वेळा उडालं तो आकडा, बघाच. निकॉनच्या फाइलमध्येच तो आकडा लिहिलेला असतो, विकणाऱ्याच्या तोंडावर जाऊ नका. डी८५० चं शटर दोन लाख फोटोंपर्यंत तपासलेलं, निकॉनच्याच डी७५० आणि कॅनन ५डी मार्क ४ चं दीड लाखापर्यंत. मग एफ १६ वर, म्हणजे लेन्सचं भोक बारीक करून, आभाळाचा एक फोटो काढा. सेन्सरवरचे डाग लगेच कळतात.

पुढे काय, हेही विचारता. निकॉनचे शेवटचे डीएसएलआर २०२० चे, कॅननचा १डी एक्स मार्क ३ त्याच वर्षीचा. नवं काही येईल या आशेवर राहू नका. पण घरात वडिलांच्या किंवा काकांच्या जुन्या एएफ-डी (आत मोटर नसलेल्या निकॉनच्या) लेन्सेस असतील, तर डी७५० आणि डी८५० मधली मोटर त्या फिरवते. निकॉनच्या मिररलेसवर एफटीझेड अडॅप्टरने त्या बसतात खऱ्या, पण ऑटोफोकस जातो. अशा घरात मी डोळे झाकून डीएसएलआर सांगतो.

आणि नवरा-नवरीला फोटोआधी रील हवी असेल, तर डीएसएलआर राहू द्या. लाइव्ह व्ह्यूत डी८५० फोकस हुडकत बसतो, तोवर वरमाला गळ्यात पडून मोकळी होते.