साइडमाउंट कोर्स: रिक्रिएशनल की टेक्निकल? गोव्यातला माझा अनुभव

साइडमाउंट, म्हणजे टँक पाठीवर न बांधता अंगाच्या बाजूला लावून स्कूबा डायव्हिंग करायला शिकायचं ठरवलं की पहिलाच प्रश्न येतो, रिक्रिएशनल कोर्स घ्यायचा की टेक्निकल. खरं तर जाणत्या माणसाने दहा मिनिटांत सोडवावा असा हा प्रश्न आहे. माझा मात्र जवळजवळ सगळा सीझन त्यात गेला. समुद्र शांत होता, सुट्ट्या होत्या, पैसे बाजूला काढून ठेवले होते. घोडं अडलं ते एका डाइव्ह सेंटरच्या काउंटरवर. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मी फोंड्याची. डायव्हिंगचा पहिला कोर्स, ओपन वॉटर, इथेच ग्रँड आयलंडच्या पाण्यात केला. त्याच्या पुढचा ॲडव्हान्स्डही झाला आहे. पाठ पहिल्यापासून कुरकुरते. हलत्या होडीवर पाठीला टँक बांधून उभं राहायचं म्हणजे माझ्या अंगावर काटा येतो. साइडमाउंटमध्ये टँक पाठीवर नसतात, दोन्ही काखांखाली अंगालगत असतात. आपण नुसता हार्नेस घालून पाण्यात उतरायचं, वरून कोणीतरी एकेक टँक हातात देतं, तो तिथेच क्लिप करायचा. मला एवढंच हवं होतं.

काउंटरवरच्या मुलाला मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, “मॅडम, मग टेकच (टेक्निकल) घ्या. त्यात सगळं येतं. रिक्रिएशनल अगदीच बेसिक आहे.”

मी विचारलं, सगळं म्हणजे काय काय? उत्तर आलं, “कार्ड मोठं मिळतं.”

मी तीन प्रश्न विचारले होते. शिकवणाऱ्याकडे टेक साइडमाउंट शिकवायचं रेटिंग आहे का? टँक कुठले देणार आणि व्हॉल्व्ह डाव्या-उजव्या जोडीचे आहेत का? कोर्सच्या डाइव्ह किती खोल पाण्यात होणार? तिन्हींना एकच उत्तर: “सर बोटीवर आहेत, संध्याकाळी फोन करा.” संध्याकाळी फोन केला तर सर निघून गेलेले. दुसऱ्या दिवशी सर मीटिंगमध्ये. व्हॉट्सॲपवर प्रश्न लिहून पाठवले, तर उत्तरादाखल पॅकेजचं पोस्टर आलं आणि खाली, “सीट भरताहेत, ॲडव्हान्स टाका.” मी पुन्हा तेच प्रश्न टाकले. निळ्या टिका दिसल्या, उत्तर नाही. असं आठवडेच्या आठवडे चाललं. दरवेळी फोनवर नवीन माणूस, दरवेळी मी पहिल्यापासून सगळं सांगायचं, आणि शेवटी तेच, “टेकच घ्या मॅडम, पुढे उपयोगी पडेल.”

सर्वांत जास्त चीड कशाची आली सांगू? माझं लॉगबुक, म्हणजे डाइव्हची नोंदवही, एकदाही कोणी मागितलं नाही. पाडी (PADI) या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या टेक साइडमाउंटला वय 18 पूर्ण लागतं, ॲडव्हान्स्ड कार्ड लागतं आणि लॉगबुकात किमान 30 डाइव्ह लागतात. माझ्या तेव्हा तेवढ्या झाल्याच नव्हत्या. म्हणजे ज्या कोर्सला मी पात्रच नव्हते, त्याचा ॲडव्हान्स ते माझ्याकडे मागत होते. या खेळात असा हलगर्जीपणा मला अजिबात खपत नाही. पाण्याखाली चुकीला माफी नसते.

शेवटी मी स्वतःच तिथे जाऊन धडकले आणि टँक दाखवा म्हणून हटून बसले. मागच्या कंप्रेसरच्या खोलीत ओळीने ॲल्युमिनियमचे टँक उभे होते, आणि झाडून सगळ्यांचे नॉब एकाच बाजूला. साइडमाउंटला जोडी आरशातल्यासारखी हवी. एकाच हाताचे दोन टँक लावले, तर एकाचा नॉब बाहेर येतो आणि दुसऱ्याचा अंगाकडे वळतो. उथळ पाण्यात रिक्रिएशनल डाइव्हला त्यावर भागवता येतं. पण टेकमध्ये रेग्युलेटर (टँकमधली हवा तोंडापर्यंत आणणारं यंत्र) अचानक फसफसायला लागला की न बघता, नुसत्या स्पर्शाने तो व्हॉल्व्ह बंद करून दुसऱ्या टँकवर जायचं असतं. वेळ पडली तर बिघडलेल्या टँकचा नॉब प्रत्येक श्वासाला हाताने उघडून मिटून त्यातला वायू वापरायचा असतो. ते या टँकांवर कसं घोटून घेणार होते, कोण जाणे. मी लॉगबुक उचललं आणि बाहेर पडले. ॲडव्हान्स दिला नव्हता, हे नशीब.

मधेच आठवलं म्हणून सांगते, कोर्ससाठी लागणारा मेडिकल फॉर्म घरी बसून आधीच भरा. त्यात दहावा प्रश्न रोजच्या औषधांचा आहे. माझी थायरॉइडची गोळी चालू आहे, म्हणजे उत्तर ‘होय’, आणि तिथे ‘होय’ आलं की डॉक्टरांची सही लागतेच. सही लेटरहेडवर घेऊ नका, फॉर्ममध्ये डॉक्टरांसाठी वेगळं पान असतं त्यावरच घ्या.

पुढे एका ओळखीतून मालवणचा एक इन्स्ट्रक्टर भेटला, गोव्यातच काम करणारा. त्याने आधी लॉगबुक पालथं घातलं, मग विचारलं, “ताई, तुम्ही डाइव्ह कुठे मारणार?” म्हटलं, ग्रँडला, आणि वर्षातून कधीतरी मुरुडेश्वरला जाऊन नेत्राणीला. “मग टेक आत्ता कशाला? डेको (डीकम्प्रेशन) करायचाय काय?” मला इतके दिवस हवं होतं ते उत्तर या एका प्रश्नात होतं. रिक्रिएशनल साइडमाउंट म्हणजे आहे त्याच मर्यादेत डाइव्ह, ओपन वॉटरला 18 मीटर, ॲडव्हान्स्डला 30, आणि केव्हाही थेट वर येता येईल अशी. फक्त टँक बाजूला. ओपन वॉटर कार्ड आणि वय 15 एवढ्यावर तो कोर्स मिळतो. टेकमध्ये दोनाखेरीज आणखी टँक सांभाळायला शिकवतात, कारण पुढे डीकम्प्रेशनच्या डाइव्ह असतात. तिथे ठरलेले थांबे घेतल्याशिवाय वर येताच येत नाही. ग्रँडच्या उथळ पाण्यात, जिथे गढूळ दिवशी चार हातांवरचा जोडीदार धूसर दिसतो, तिथे ते शिकून वापरणार कुठे?

मी रिक्रिएशनल घेतला. कोर्स सुरळीत झाला. त्यातली एकच गोष्ट सांगते, कारण ती हाताला लागेपर्यंत मी हैराण झाले होते. ॲल्युमिनियमचा टँक रिकामा होत आला की हलका होतो आणि त्याचं बूड वर तरंगायला लागतं. मग मांडीपाशी लावलेली खालची क्लिप सोडून पुढच्या डी-रिंगमध्ये अडकवायची, की टँक परत अंगाच्या रेषेत येतो. हातमोजे असतील तर क्लिप सापडत नाही. घरी पलंगावर पालथं पडून सराव करा, मी केला. आणि एकाच टँकवर श्वास घेत राहू नका, टँकमधला दाब साधारण 30 बारने उतरला की रेग्युलेटर बदला. दोन्ही टँक बरोबरीने उतरले पाहिजेत.

इन्स्ट्रक्टरचा पाडी नंबर बेधडक मागा आणि पाडीच्या साइटवर प्रो चेकमध्ये टाकून बघा. जो देत नाही, त्याच्याकडे जाऊ नका. आणि सीझनच्या सुरुवातीलाच विचारपूस सुरू करा, जून लागला की होड्या बंद.

बेळगावहून येणाऱ्यांसाठी खास. डाइव्ह आटोपून त्याच दुपारी चोर्ला घाट चढू नका. बेळगाव साधारण 750 मीटर उंचीवर आहे, त्यामुळे डाइव्हनंतर विमानात बसण्याचा जो नियम, तोच धरा. एका डाइव्हनंतर किमान 12 तास, लागोपाठ डाइव्ह झाल्या असतील तर किमान 18. रात्री गोव्यातच राहा.

टेक मी सोडलेला नाही. सध्या नायट्रॉक्सचा, म्हणजे जास्त ऑक्सिजन असलेल्या हवेवर डाइव्ह करण्याचा, कोर्स करते आहे. टेक 40 या पाडीच्या टेक्निकल कोर्सला, जिथे 40 मीटर आणि जास्तीत जास्त 10 मिनिटांचा डेको करता येतो, नायट्रॉक्सवरच्या किमान 10 डाइव्ह 18 मीटरपेक्षा खोल झालेल्या असाव्या लागतात. ग्रँडला तेवढी खोली मिळत नाही, त्यामुळे पुढच्या सीझनला नेत्राणीच्या बोटीवर मी दिसेन. तिथे कोणी टँकांची डाव्या-उजव्या व्हॉल्व्हची जोडी भाड्याने देत असेल, तर मला जरूर कळवा.